फूट, इंच आणि आलेख : पंचगंगेची आकडेवारी वाचताना आणि मांडताना



संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरून माहितीचं विश्लेषण कसं करायचं, आलेख कसा काढायचा आणि तो लोकांपुढं कसा मांडायचा, हा आजचा विषय. एक्सेल, लिब्रऑफिस कॅल्क, आर, पायथन यांतलं काही ना काही इथल्या बहुतेकांनी हाताळलेलं आहे. आज्ञा पाठ नसल्या तरी काही बिघडत नाही, त्या शोधून सापडतात. घोडं अडतं ते आज्ञा देण्याच्या आधी आणि उत्तर आल्यानंतर. म्हणून आम्ही आज असं उदाहरण घेतलंय, जे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही : पंचगंगेची पाणीपातळी.

ही पातळी मोजतात कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. म्हणजे धोक्याच्या रेषेच्या वर आणखी बारा फूट. पावसाळ्यात हा आकडा दिवसातून अनेकदा मोबाइलवर येतो आणि त्यावर माणसं निर्णय घेतात. गोठ्यातली जनावरं सोडायची का? गाडी पुलापलीकडं नेऊन लावायची का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडं पाठवायचं का? तेव्हा या आकड्याशी खेळताना आपण कुणाच्या तरी उंबऱ्याशी खेळतोय, एवढं ध्यानात ठेवून पुढं जाऊ.

आधी प्रश्न लिहा

फाइल उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा : आपल्याला नेमकं काय विचारायचंय? साध्या मराठीत, एका ओळीत. ते जमत नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका.

पंचगंगेबद्दल निदान तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला : आज पाणी ४३ फुटांवर किती वाजता पोचेल? दुसरा : घाटात पाऊस पडल्यावर राजारामला पाणी वाढायला किती वेळ लागतो? तिसरा : पूर पूर्वीपेक्षा मोठे झालेत का? तिन्ही प्रश्नांत नदी तीच आहे, पण माहिती वेगवेगळी लागते. पहिल्याला आजच्या तासातासाच्या नोंदी हव्यात. दुसऱ्याला पाऊस आणि पातळी या दोन्हींच्या नोंदी, त्याही वेळेसकट. तिसऱ्याला प्रत्येक वर्षाची सर्वांत जास्त पातळी, आणि तीही कित्येक दशकांची. एका आठवड्याच्या फाइलवरून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा आलेख कितीही देखणा असला तरी तो पोकळ.

या बाबतीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं एक काम सांगण्यासारखं आहे. १९२६ साली ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचा तळ वर आलाय, म्हणून बांध काही फूट उंच करा, असं अभियंत्यांच्या समितीचं मत पडलं. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलं की तळात लक्षात येण्याजोगा बदल झालेलाच नाही. त्या वेळी ना संगणक होता ना सॉफ्टवेअर. त्यांच्याकडं प्रश्न नेमका होता आणि त्या प्रश्नाला पुरतील इतक्या वर्षांच्या नोंदी होत्या. आपल्याकडंही पूर आला की ‘पात्र गाळानं भरलंय’ असं लगेच म्हटलं जातं. ते खरं असेलही. पण ते तपासायचं तर पात्राची जुनी आणि नवी मोजमापं शेजारी ठेवावी लागतात. नुसत्या पाणीपातळीच्या तक्त्यातून गाळ दिसत नाही.

फूट-इंचाचा सापळा

आता फाइल उघडू. पंचगंगेच्या माहितीतला सर्वांत मोठा धोका पहिल्याच रकान्यात दबा धरून बसलेला असतो. पातळी बोलताना आपण म्हणतो, ‘त्रेचाळीस फूट दहा इंच’. घाईत लिहिताना होतं ४३.१०. हा ठिपका लिहिणाऱ्याच्या मनात फूट आणि इंच वेगळे करणारी खूण आहे. संगणकाला मात्र ते दशांशचिन्ह वाटतं. तो शेवटचं शून्य टाकून देतो आणि ४३.१ लिहून ठेवतो.

काय होतं बघा. समजा पाणी असं चढत गेलं : ४२ फूट ८ इंच, ४२ फूट १० इंच, ४३ फूट, ४३ फूट २ इंच. दर नोंदीला दोन इंच, अगदी एकसारखी वाढ. ठिपका देऊन लिहिलं तर संगणकाला दिसतं ४२.८, ४२.१, ४३, ४३.२. आलेखात पाणी आधी झपकन उतरतं आणि मग उसळी मारून वर येतं. नदीनं असं काही केलेलंच नाही! त्याहून वाईट म्हणजे ‘४३ फूट १ इंच’ आणि ‘४३ फूट १० इंच’ हे दोन्ही ४३.१ होऊन बसतात. नऊ इंचांचा फरक कायमचा पुसला जातो आणि नंतर तो परत मिळवायला मार्ग राहत नाही. नऊ इंच म्हणजे किती? उंबऱ्याबाहेरचं पाणी आणि गादीखालचं पाणी यांच्यातला फरक.

उपाय साधा आहे. दोन रकाने करा, एक फुटांचा, एक इंचांचा. तिसऱ्या रकान्यात सूत्र लिहा : फूट अधिक इंच भागिले बारा. मग ४३ फूट १० इंच म्हणजे ४३.८३ फूट, हे बरोबर येतं. त्यानंतर इंचांच्या रकान्यातली सर्वांत मोठी संख्या बघा. ती ११ पेक्षा जास्त असेल तर कुठंतरी गडबड आहे. जुन्या फाइलमध्ये एकच ठिपक्याचा रकाना असेल, तर ठिपक्यापुढच्या अंकांवर नजर टाका. तिथं ३ ते ९ दिसतात, ११ दिसतो, पण १२ ते ९९ मधलं दुसरं काहीच येत नाही, असं असेल तर ते इंच आहेत असं समजा आणि मूळ नोंदवही मागा.

आणखी एक. ४३ फूट ही नदीची तुमच्या गल्लीतली खोली नव्हे. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेली ती उंची आहे. पंचगंगा घाटावर पाणी किती आणि बावड्याच्या बंधाऱ्यावर किती, हे दोन वेगळे आकडे. म्हणून रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘पातळी’ लिहू नका. ‘राजाराम बंधारा, फूट’ असं पूर्ण लिहा. सहा महिन्यांनी फाइल उघडणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

तारीख, अंक आणि रिकामी घरं

दुसरा सापळा तारखेचा. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली असेल तर तो उलटं वाचतो. १-८ म्हणजे आपली १ ऑगस्ट, त्याची ८ जानेवारी. २-८ त्याला ८ फेब्रुवारी वाटते. ऑगस्टचे पहिले बारा दिवस असे वर्षभर पसरतात आणि तेराव्या दिवसापासून तारीख नुसता मजकूर बनते. मग जानेवारीतही पंचगंगेला पूर दिसतो! म्हणून तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा : २०१९-०८-०७. हिचा अर्थ दोन तऱ्हांनी लागू शकत नाही आणि क्रमही आपोआप बरोबर लागतो.

पावसाच्या तारखेत आणखी एक मेख आहे. हवामान खात्याच्या पद्धतीत चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजून त्या दिवसाच्या नावावर लिहितात. म्हणजे २३ जुलैच्या रकान्यातला पाऊस हा २२ जुलै सकाळी साडेआठ ते २३ जुलै सकाळी साडेआठ या वेळात पडलेला असतो. त्यातला बराचसा २२ तारखेचाच. हे माहीत नसेल तर ‘पाऊस पडला त्याच दिवशी पाणी वाढलं’ असा निष्कर्ष निघतो आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ एका दिवसानं चुकतं.

तिसरी गोष्ट खास आपल्या मराठी माणसांसाठी. नोंदी देवनागरी अंकांत टंकलेल्या असतील तर आर त्यांना संख्या मानत नाही. रूपांतर करायला सांगितलं की इशारा देतो आणि घर रिकामं ठेवतो. पायथनला मात्र देवनागरी अंक कळतात. तेव्हा आरमध्ये माहिती घेण्याआधी अंक बदलून घ्या. आलेख छापताना ते पुन्हा देवनागरीत आणता येतात.

चौथं, रिकामी घरं. पाऊस पडला नाही म्हणजे शून्य. पाऊस मोजलाच नाही म्हणजे रिकामं. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरासरी काढताना एक्सेल रिकामी घरं वगळतं, शून्यं मात्र धरतं. आर त्याहून कडक. एक जरी घर रिकामं असलं तरी, वगळायला स्पष्ट सांगितल्याशिवाय, सरासरी देतच नाही. काही जणांना हा त्रास वाटतो. आम्हाला ती शिस्त वाटते, कारण त्यामुळं तुम्हाला विचार करावा लागतो की ही नोंद का नाही. पुराच्या माहितीत नोंदी नेमक्या केव्हा गायब होतात? पाणी चढलेलं असतं, रस्ता बंद असतो, वीज गेलेली असते तेव्हा. म्हणजे जे तास सर्वांत महत्त्वाचे, तेच हरवतात. अशी घरं निमूटपणे वगळून काढलेली सरासरी पूर होता त्यापेक्षा सौम्य दाखवते.

सरासरी कुणाची?

‘जिल्ह्यात आज सरासरी इतका पाऊस’ ही बातमी आपण रोज वाचतो. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. या दोघांची सरासरी काढून येणारा आकडा ना गगनबावड्याचा असतो ना शिरोळचा. तसा पाऊस कुठल्याच गावात पडलेला नसतो.

शिवाय गगनबावडा हा क्षेत्रफळानं सर्वांत लहान तालुका. बारा आकडे मिळवून बाराने भागलं, तर त्या लहान तालुक्याला मोठ्या तालुक्याइतकंच वजन मिळतं. साधं उदाहरण घ्या. एका लहान तालुक्यात २०० मिलिमीटर पाऊस पडला, त्याच्या तिप्पट मोठ्या तालुक्यात २०. साधी सरासरी ११०. क्षेत्रफळाचं वजन दिलं तर ६५. जमिनीवर एकूण किती पाणी पडलं हे विचारायचं असेल तर दुसरा आकडा बरोबर. आरमध्ये वजनासह सरासरीची वेगळी आज्ञा आहे. एक्सेलमध्ये ‘समप्रॉडक्ट’ वापरून दोन ओळींत काम होतं.

एकट्या सरासरीवर विसंबू नका. सर्वांत लहान, सर्वांत मोठी, मधोमधची म्हणजे मध्यक, या संख्या बरोबर घ्या. आणि सर्वांत आधी आलेख काढून डोळ्यांनी बघा. फ्रँक अँस्कोम यांनी १९७३ साली चार लहान तक्ते प्रसिद्ध केले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही तक्त्यांत एका रकान्याची सरासरी ९, दुसऱ्याची साडेसात, सहसंबंधही सारखाच, सुमारे ०.८२. आकड्यांवरून चौघे जुळे भाऊ वाटतात. आलेख काढला की कळतं, एकात साधी चढण आहे, दुसऱ्यात कमान आहे, तिसऱ्यात एकच ठिपका सगळी रेषा ओढून नेतोय आणि चौथ्यात एक ठिपका सोडला तर नातंच नाही. सॉफ्टवेअर चारही वेळा तेच उत्तर तितक्याच आत्मविश्वासानं देतं.

आलेख काढताना

पातळीसाठी रेषेचा आलेख घ्या. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर फूट. इथं एक्सेलमध्ये एक फसगत होते. नोंदी सकाळी ७, ८, ९ आणि मग एकदम दुपारी ४ अशा असतील, तर साधा रेषालेख त्या सारख्याच अंतरावर मांडतो. सात तासांची वाढ एका तासात झाल्यासारखी दिसते. म्हणून ठिपक्यांचा आलेख निवडा आणि ठिपके रेषेनं जोडा. आरमध्ये रकाना ‘तारीख-वेळ’ या प्रकाराचा करून घेतला की हे आपोआप जमतं.

उभा अक्ष शून्यापासून हवा का, असं नेहमी विचारतात. पावसाचे स्तंभ काढत असाल तर शून्यापासूनच, कारण स्तंभाची उंची हीच तिथं रक्कम आहे. पातळीच्या रेषेला ती अट नाही. ३० फुटांपासून सुरू केलात तरी चालेल. मात्र आज ३० पासून आणि उद्या ३८ पासून, असं करू नका. लोक दोन दिवसांचे आलेख शेजारी ठेवून बघतात आणि रेषेच्या चढणीवरून घाबरायचं की नाही ते ठरवतात.

३९ आणि ४३ या दोन आडव्या रेषा काढा आणि त्यांच्यावरच लिहा, ‘इशारा ३९ फूट’, ‘धोका ४३ फूट’. कोपऱ्यात रंगांची किल्ली देऊन वाचणाऱ्याला शोधायला लावू नका. नुसत्या तांबड्या-हिरव्या रंगांवरही विसंबू नका. काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. शिवाय आपला आलेख शेवटी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लागणार असतो. एक रेषा सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, असं केलं की झेरॉक्समध्येही कळतं. नोंद नसेल तिथं रेषा तोडा. मधला भाग जोडून टाकलात तर पाहिलं नाही तेही पाहिलं असं सांगितल्यासारखं होतं.

पाऊस आणि पातळी एकत्र दाखवायची असेल तर जलशास्त्रात एक छान रीत आहे. पावसाचे स्तंभ वरच्या कडेवरून खाली लोंबते काढतात, पातळीची रेषा खालून वर. बघणाऱ्याला पाऊस पडताना आणि नदी चढताना दिसते.

दोन उभ्या अक्षांच्या आलेखाबद्दल मात्र सावध राहा. राजारामची पातळी फुटांत आणि स्थानिक शून्यापासून. अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, तिची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. दोन्ही एका चित्रात घालून अक्ष हवे तसे ताणले की दोन्ही रेषा हातात हात घालून चालल्यासारख्या दाखवता येतात, आणि तसेच ताणले की एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्याही. अलमट्टीच्या फुगवट्याच्या वादात कुठलीही बाजू अशा चित्रानं ‘सिद्ध’ होते, म्हणजेच काहीच सिद्ध होत नाही. दोन वेगळे आलेख काढा, एकाखाली एक, वेळेचा अक्ष सामायिक ठेवून.

आणि मराठी अक्षरं. आरमधून साध्या पद्धतीनं पीडीएफ काढली की देवनागरीच्या जागी ठिपके येतात. ‘कैरो’ची पीडीएफ किंवा ‘रॅग’ हे पॅकेज वापरा आणि ‘नोटो सान्स देवनागरी’सारखा युनिकोड टंक निवडा. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटणं नेहमीचं आहे, तेव्हा छापण्याआधी प्रत्येक शब्द वाचून बघा. चुकलेल्या अक्षरांचा आलेख लोक गंभीरपणे घेत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मांडताना : वाक्य असं हवं की पुढं काय करायचं ते कळेल

आता आपला पहिला प्रश्न सोडवू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. सकाळी ८ ला पातळी ४० फूट २ इंच. दुपारी १२ ला ४० फूट १० इंच. चार तासांत आठ इंच, म्हणजे तासाला दोन इंच. ४३ फुटांना उरले २६ इंच. तेरा तास. म्हणजे रात्री एक वाजता.

इथं बहुतेक जण थांबतात आणि ‘रात्री १ वाजता धोका पातळी’ असं पाठवून देतात. थांबू नका. वेग तसाच राहील कशावरून? घाटातला पाऊस वाढेल, राधानगरीचे दरवाजे उघडतील, किंवा पाणी पात्राबाहेर पसरून चढ मंदावेल. समजा गेल्या काही तासांत वेग दीड ते तीन इंचांच्या दरम्यान हलतोय. तीन इंचांनी गेलं तर पावणेनऊ तासांत, म्हणजे रात्री पावणेनऊच्या सुमारास. दीड इंचानं गेलं तर सव्वासतरा तासांत, म्हणजे पहाटे सव्वापाच-साडेपाचला. प्रामाणिक उत्तर असं झालं : आज रात्री पावणेनऊ ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान.

‘एवढा मोठा पल्ला सांगून काय उपयोग?’ असं वाटेल. पण बघा, यातली प्रत्येक वेळ अंधारातली आहे. म्हणजे सांगायचं वाक्य तयार झालं : ‘धोका पातळी रात्री ओलांडली जाण्याची शक्यता आहे, सखल भागातल्यांनी उजेड आहे तोवर निघावं.’ एकच वेळ सांगितली असती तर माणूस म्हणाला असता, ‘एकला आहे ना, जेवून-बिवून निघू.’ अनिश्चितता लपवली की निर्णय बिघडतो, आणि नीट सांगितली की सोपा होतो.

मोठे आकडे लोकांच्या आवाक्यात आणणं हाही मांडणीचाच भाग. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग, असं आपण वाचतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद. गुणाकार केला तर एक दरवाजा दिवसभर उघडा राहिल्यास सुमारे ०.१२ टीएमसी पाणी जातं. धरणाची साठवण ८.३६ टीएमसी. म्हणजे एका दरवाजातून दिवसाला धरणाच्या दीड टक्का पाणी. सातही उघडले तर दहा टक्क्यांच्या आसपास. आता त्या बातमीला काही अर्थ आला. ‘क्युसेक’ हा वेग आहे आणि ‘टीएमसी’ हा साठा आहे, एवढं सांगितलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

शेवटचं उदाहरण ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांचं. २०१९ नंतर हे पुष्कळांनी ऐकलं आणि निवांत झाले. दोनच वर्षांनी पाणी पुन्हा दारात. मग लोक म्हणाले, हे शास्त्र खोटं आहे. गणित खोटं नाही, शब्द फसवे आहेत. त्याचा अर्थ, इतका पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. घराचं कर्ज तीस वर्षं चालतं असं धरलं तर त्या तीस वर्षांत निदान एकदा असा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. हे वाक्य घर घेणाऱ्याला कळतं. त्यातही हा ‘शंभरात एक’ आकडा मोजक्या वर्षांच्या नोंदींवरून काढलेला असतो. नोंदी वाढल्या की तो बदलतो, हेही सांगायला हवं.

याच्याच जोडीची दुसरी समजूत : ‘२००५ ला पाणी इथपर्यंतच आलं होतं.’ २०१९ मध्ये कित्येक घरांत याच भिंतीवरच्या खुणेवर भरवसा ठेवून सामान पोटमाळ्यावर टाकलं आणि माणसं खाली थांबली. नोंदीतला सर्वांत मोठा आकडा म्हणजे आजवरचा सर्वांत मोठा. पाण्याची ती मर्यादा नव्हे. आलेखाचा अक्ष जुन्या विक्रमाच्या थोडा वरपर्यंत मोकळा ठेवा. ती रिकामी जागाही काही सांगत असते.

काम पुन्हा करता आलं पाहिजे

आलेख कुणी मागितला, शंका घेतली, तर तोच आलेख त्याच माहितीतून पुन्हा काढून दाखवता यायला हवा. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत करा. दुरुस्त्या आज्ञांच्या फाइलमध्ये लिहा, प्रत्येकीपुढं कारण लिहा. आरचा मोठा फायदा इथं आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार केला. तो फुकट आहे, आणि तुम्ही केलेली प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. एक्सेलमध्ये माउसनं केलेली दुरुस्ती कुठंच उरत नाही.

कोल्हापूरला या शास्त्राचा वारसा नवा नाही. प्राध्यापक वसंत शंकर हुजुरबाजार १९१९ साली इथंच जन्मले. त्यांनी केंब्रिजमध्ये संशोधन केलं आणि पुढं पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या काळात ज्या आकडेमोडीला आठवडे लागायचे ती आज तुमच्या लॅपटॉपवर क्षणात होते. वाचलेला वेळ माहिती तपासण्यात घालवा, एवढीच विनंती.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक्सेल पुरेसं आहे की आर शिकावंच लागेल?*

एका पावसाळ्याच्या नोंदी, एक बंधारा, दोन-तीन आलेख, एवढ्यासाठी एक्सेल किंवा कॅल्क पुरतं. तेच काम दर आठवड्याला करायचं असेल, बारा तालुके आणि वीस वर्षं असतील, तर आर शिकण्यात घातलेला महिना वसूल होतो.

*पाऊस आणि पातळी यांतलं अंतर सॉफ्टवेअरमधून कसं काढायचं?*

पातळीची नव्हे, पातळीतल्या वाढीची मालिका घ्या. पावसाची मालिका एकेक तासानं पुढं सरकवत दोन्हींचा सहसंबंध बघा. आरमध्ये ‘सीसीएफ’ ही आज्ञा हेच करते. जिथं संबंध सर्वांत जास्त, तिथं साधारण अंतर. पण धरणातून विसर्ग चालू असलेले दिवस वेगळे तपासा. नाहीतर दरवाजांचं पाणी पावसाच्या खात्यावर जमा होईल.

*आमच्याकडं माहितीच नाही, फक्त मोबाइलवर आलेले निरोप आहेत. त्यांचं काय करावं?*

तीही माहितीच आहे. एक वही करा. तारीख, वेळ, राजारामचे फूट, इंच. आणि पाचवा रकाना तुमचा स्वतःचा : त्या वेळी आमच्या गल्लीत पाणी कुठं होतं? सुतारवाडा असो, शाहूपुरीतली कुंभार गल्ली असो की चिखली-आंबेवाडी, हा पाचवा रकाना तुमच्याशिवाय कुणी भरू शकत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर तुम्हाला सांगता येईल की राजारामला इतके फूट झाले की आमच्या चौकात पाणी येतं आणि आमच्या हातात इतके तास असतात. तो तक्ता मोठ्या अक्षरांत छापा आणि तालमीच्या भिंतीवर लावा. यंदाच्या पहिल्या निरोपापासून सुरुवात करा, आणि फूट नि इंच वेगळ्या रकान्यांत लिहा.